चौथी फ्लॉपी

"ताई, चौथी आत जात नाही."

शनिवारी सकाळी साडेदहाला धुळ्याहून लीलाधर हे तिसऱ्यांदा सांगत होता, आणि जळगावला प्रमिला फोनचा रिसीव्हर कानात रुतेल इतका दाबून उभी होती.

"उलटी धरली असशील."

"सगळ्या बाजूंनी धरून पाहिली. एक कोपरा वाकलाय तिचा. वर लाल काहीतरी चिकटलंय."

लाल म्हटल्याबरोबर प्रमिलाला सगळा उलगडा झाला. ती लाख होती, आणि ती चुडामणभाऊंची होती.

चुडामणभाऊ म्हणजे कॉलेजचे जावक कारकून. त्यांच्या टेबलावरून साधं पत्र साधं जाई; पण कागदावर कुणी 'महत्त्वाचे' असं लिहिलं की भाऊंच्या अंगात येई. मांजरपाटाच्या तुकड्यात पाकीट शिवायचं, मेणबत्ती पेटवायची, लाखेची कांडी वितळवून चार कोपऱ्यांवर चार आणि मधोमध एक असे ठिपके सोडायचे आणि मंडळाचा पितळी शिक्का दाबायचा. परीक्षेचे पेपर तीस वर्षं असेच गेले होते, म्हणून काल प्रमिलाने दिलेल्या चार फ्लॉप्याही तशाच गेल्या. पाकिटावर 'अतिमहत्त्वाचे' असं तिनेच लाल शाईने लिहिलं होतं. आता बोल कुणाला लावणार?

भाऊ तिच्या मागेच येऊन उभे होते. "जोखमीना माल शे, म्हणीसन मी बठ्ठी काळजी लिधी," ते अपराधी आवाजात म्हणाले. इतकी सगळी काळजी घेणाऱ्या सालस माणसावर रागावणंही कठीण, आणि प्रमिलाला तर त्या घडीला रागावायला फुरसत नव्हती.

गिरणाकाठ शिक्षण मंडळाची दोन कॉलेजं होती, एक जळगावला आणि एक धुळ्याला. मंडळाचे चिटणीस झुलाल नाना यांनी एकदा मुंबईच्या प्रदर्शनात व्हिडिओ कॉन्फरन्सिंग पाहिलं आणि ते येडेच होऊन आले. जळगावच्या मास्तरांनी शिकवायचं आणि धुळ्याच्या पोरांनी त्याच घटकेला पडद्यावर बघायचं! १९९८ साल लागता लागता पुण्याच्या एका कंपनीकडून महिनाभराच्या बोलीवर यंत्रं आली. दोन्हीकडे एकेक कॉम्प्युटर, वर कॅमेरा, मोठा पडदा आणि खास टेलिफोन लाइन. चालवायची जबाबदारी जळगावला प्रमिलावर आणि धुळ्याला लीलाधरवर.

पण चित्र धड हलेना. गणिताच्या मास्तरांनी फळ्याकडे हात नेला की पडद्यावर त्यांना तीन हात फुटत. एकदा तर ते बसले खुर्चीत आणि त्यांचं डोकं मागे उभंच राहिलं. नाना दहा मिनिटं पाहत राहिले आणि म्हणाले, "याला शिकवणं म्हणायचं का भुताटकी?"

पुण्याहून कळलं की हा दोष जुन्या सॉफ्टवेअरचा. त्यात चित्र सेकंदाला जेमतेम पाच वेळा बदलतं. नव्या आवृत्तीत पंधरा वेळा बदलेल. नवी आवृत्ती चार फ्लॉप्यांवर, एकच संच, कॉपी करायला बंदी. आधी जळगावला घालायची, मग तोच संच धुळ्याला पाठवायचा. एकीकडे नवी आणि दुसरीकडे जुनी राहिली तर दोन यंत्रं एकमेकांना ओळखसुद्धा देणार नाहीत. बोलीची मुदत शनिवारी दुपारी एकला संपत होती. नानांनी सांगूनच टाकलं होतं, "एक वाजेपर्यंत माणूस माणसासारखा दिसला तर ठेवू. नाही तर खोक्यात."

प्रमिलाने गुरुवारी चारही फ्लॉप्या घालून जळगावचं यंत्र नवं करून टाकलं होतं. म्हणजे आता मागेही फिरता येत नव्हतं.

यंत्र खोक्यात गेलं असतं तर मास्तरांचं काही बिघडणार नव्हतं. ते एसटीने जात-येत आले होते, पुढेही गेले असते. बिघडणार होतं ते प्रमिलाचं. तिची आई भागाबाई धुळ्याला राहायची, आणि ती जन्मापासून बहिरी आणि मुकी होती. शाळा तिने पाहिली नव्हती. घरातल्या घरात हातांची एक भाषा तयार झाली होती, ती नवऱ्याला आणि दोन लेकरांना यायची. नवरा गेला, उरले मुलगा निंबा आणि प्रमिला. डाव्या कानाची पाळी चिमटीत धरली की 'प्रमिला', कारण कान टोचताना तिने गल्ली डोक्यावर घेतली होती. मनगटाने नाक पुसलं की 'निंबा'. निंबाचं सायकलचं दुकान झालं, डोक्याला टक्कल पडलं, तरी आईच्या हातातलं त्याचं नाक काही थांबलं नाही.

प्रमिलाकडे कॉलेजच्या मुलींच्या वसतिगृहाचीही जबाबदारी होती, त्यामुळे घरी जाणं व्हायचं ते दिवाळीला आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला. एरवी दर रविवारी फोन. वसतिगृहातल्या मुली एसटीडी बूथमध्ये आयांशी अर्धा अर्धा तास बोलत. हिचा फोन असा:

"भाऊ, आई काय म्हणते?"

मग बराच वेळ शांतता. त्या शांततेत आई हात चालवतेय हे हिला कळायचं. बांगड्या वाजलेल्या ऐकू यायच्या. कधी दोन मिनिटं वाजायच्या, कधी पाच. मग निंबा म्हणायचा, "माय म्हणस, बरं शे."

पाच वर्षं प्रमिला पाच पाच मिनिटांच्या बांगड्या ऐकत होती आणि दोन शब्द घेऊन परत येत होती. निंबा वाईट नव्हता. त्याला घाई असायची, दुकानात पंक्चरवाले खोळंबलेले असायचे.

म्हणून यंत्र आल्यावर पहिल्याच आठवड्यात तिने लीलाधरला गळ घालून आईला धुळ्याच्या कॅमेऱ्यासमोर बसवलं होतं. आई दिसली! पण तिने हात उचलले आणि पडद्यावर पिठाचे फराटे उमटले. बोटं दिसेनात. तिकडे आईलाही हिचे हात तसेच दिसले असणार, कारण त्या रविवारी निंबाने पहिल्यांदाच दोनापेक्षा जास्त शब्द सांगितले. "माय इचारस, तुना हातले काय व्हयनं?" लेकीच्या हाताला काही रोग झाला म्हणून आई दोन दिवस जेवली नव्हती. पाचाच्या जागी पंधरा हा आकडा कंपनीच्या पत्रात वाचला तेव्हा प्रमिला खुर्चीतून उठून व्हरांड्यात एक चक्कर मारून आली होती, इतकी ती हरखली होती.

आजही आई धुळ्याला सकाळपासून येऊन बसली होती, निंबा दुकानाला कुलूप लावून सोबत. आणि चौथी फ्लॉपी आत जात नव्हती.

प्रमिलाने घड्याळ पाहिलं. पावणेअकरा. एसटीने निघावं तर धुळं अडीच तासांवर. तिने डोळे मिटले, आणि एकदम तिला गेल्या वर्षीचा एक विद्यार्थी आठवला, प्रोजेक्टच्या फ्लॉपीवर चहा सांडून रडकुंडीला आलेला. तिने तेव्हा ती फ्लॉपी उकलली होती, आतली चकती धुऊन वाळवून दुसऱ्या फ्लॉपीच्या प्लास्टिकच्या घरात घातली होती आणि प्रोजेक्ट वाचला होता. चकती गोल; कोपऱ्यात ती नसतेच. भाऊंच्या लाखेने जाळलं ते नुसतं घर!

"लीलाधर, तिसरी घालून झाली ना? मग तिसरीचं घर रिकामं करायचं आणि चौथीची चकती त्यात घालायची. दाढीचं पातं आहे?"

पातं मिळालं. लीलाधरने तिसरी उकलायला घेतली आणि पत्र्याच्या झडपेची केसाएवढी स्प्रिंग टुणकन उडाली. "गेली," तो म्हणाला. "ताई, हात थरथरताहेत माझे. मी चकतीला हात लावला तर ओरखडा पडेल."

पलीकडे काहीतरी खुडबुड झाली. "आता काय?" प्रमिलाने विचारलं.

"तुमच्या आईंनी स्प्रिंग शोधली. टेबलाखालून काढून दिली. आणि... ताई, त्यांनी पातं घेतलं माझ्या हातातून."

प्रमिलाच्या अंगावर सर्रकन काटा आला, आणि तो आनंदाचा होता. चाळीस वर्षं भागाबाई गोधड्या शिवत होती. जुनी लुगडी उसवायची, तर अर्ध्या पात्याने टाका न टाका असा काढायची की कापडाला कळू नये. धुळ्यात या कामाला त्या हातांपेक्षा चांगले हात नव्हते.

"निंबाभाऊला फोन दे. नाही, तूच रिसीव्हर धर त्याच्या कानाला, त्याचे हात मोकळे हवेत. भाऊ, मी सांगते तसं आईला सांग."

"सांग."

"आधी तिसरी उकलून तिचं घर रिकामं कर. मग चौथीची झडप डावीकडून उचकट. कडेने चारही बाजू फिरव, पातं अर्ध्या नखाहून आत नको. चकती मधल्या पत्र्याला धरूनच उचल, काळ्या भागाला बोट लागता कामा नये."

बांगड्या दोनदा वाजल्या.

"सांगितलं," निंबा म्हणाला.

"काय सांगितलंस?"

"जपीसन उघाड."

"भाऊ!" प्रमिला ओरडली, तेव्हा चुडामणभाऊ दोन पावलं मागे सरले. "एक शब्द गाळायचा नाही आज. मी म्हणते तेवढं सगळं. पाहिजे तर रडत सांग, पण सगळं सांग."

आणि निंबाने सांगितलं. पाच वर्षांत पहिल्यांदा त्याने पुरी वाक्यं हातात घेतली. घाम फुटला त्याला, लीलाधरने नंतर सांगितलं. मधेच आईचे प्रश्न आले, तेही त्याने पुरते पोचवले. माय विचारते, पांढरा कागद चकतीला चिकटलाय, तो ठेवायचा का? ठेवायचा. माय विचारते, वरची बाजू कोणती? पत्रा दिसतो ती खाली. बांगड्या वाजत राहिल्या, थांबल्या. मग कितीतरी वेळ काहीच ऐकू आलं नाही. प्रमिलाने टेबलाची कड घट्ट धरून ठेवली होती.

"बसली," निंबा म्हणाला. "मायनी चिकटाई बी दिधी."

"घाल आत, लीलाधर."

खट्ट आवाज झाला, मग घरघर सुरू झाली. त्या घरघरीइतकं गोड प्रमिलाने आयुष्यात काही ऐकलं नव्हतं. टक्केवारी चढायला लागली आणि लीलाधर ती मोठमोठ्याने वाचायला लागला. सत्तरवर ती अडकली. तिकडे लीलाधरचा आवाज बंद झाला, इकडे चुडामणभाऊंनी हात जोडले. सत्तर, सत्तर, अजून सत्तर... "एकाहत्तर!" आणि भाऊ मटकन स्टुलावर बसले.

साडेबाराला झुलाल नाना आले. मागे पुण्याच्या कंपनीचा माणूस, त्याच्या हातात घडी केलेलं मोठं खोकं. त्याने ते उघडून जमिनीवर ठेवलंसुद्धा. गणिताचे मास्तर खडू घेऊन तयार होते. नाना उभेच राहिले. त्यांना एकला फैजपूरला निघायचं होतं.

"दाखवा," ते म्हणाले.

प्रमिलाने धुळ्याचा नंबर लावला. पडदा काळा झाला, निळा झाला, आणि त्यावर एक बाई उभी राहिली. हिरवं नऊवारी, कपाळावर चष्मा, हातात दाढीचं पातं. लीलाधर कॉम्प्युटरमागे वायर बघत होता, त्यामुळे कॅमेऱ्यापुढे भागाबाईच होती. तिच्या नाकातली चमकी लुकलुकताना दिसत होती.

"ही कोण?" नाना म्हणाले. "प्राध्यापक आहेत का?"

उत्तर द्यायला प्रमिला भानावर नव्हतीच. तिचे हात वर गेले होते. तिने दहाही बोटं पसरून हलवली, हे बघ, धड आहेत. पडद्यावर आईने ती बोटं पाहिली, एकेक मोजल्यासारखी. मग तिने पातं खाली ठेवलं, डाव्या कानाची पाळी चिमटीत धरली आणि बोलायला लागली.

फराटे नव्हते. बोट अन् बोट दिसत होतं. बोलली म्हणजे किती बोलली! मांजर गोधडीच्या पेटीत व्यालं, चार पिल्लं, एक काळं. वरच्या दाढेने पंधरा दिवस छळलं, आता बरी आहे. शेजारच्या द्रौपदाबाईशी भांडण झालं आणि मिटलं, चूक द्रौपदाबाईचीच होती. तुझ्या बापाचं धोतर ठेवलं होतं ना, त्याची गोधडी शिवायला घेतली आहे तुला, किनार निळी लावू की हिरवी, हे पोळ्यापासून विचारतेय, तू सांगतच नाहीस. मागे निंबा हळूच कॅमेऱ्याबाहेर सरकत होता. आईने मागे न पाहता मनगटाने नाक पुसलं आणि विचारलं, याने सांगितलं ना तुला सगळं?

प्रमिलाच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. निळी, तिने हातांनी सांगितलं. निळी लाव.

मास्तरांच्या हातातला खडू तसाच राहिला होता. नाना पडद्यापासून हातभर अंतरावर येऊन त्या बोटांकडे बघत होते.

"काय म्हणतात त्या?" त्यांनी विचारलं.

प्रमिलाने तोंड उघडलं आणि जिभेवर सवयीने दोन शब्द आले. बरं आहे. तिने ते गिळले.

"पुष्कळ म्हणते, नाना," ती म्हणाली. "वेळ लागेल. बसा तुम्ही."

नानांनी घड्याळ पाहिलं. मग त्यांनी मास्तरांची खुर्ची ओढली, पडद्यासमोर बसले आणि मान न वळवता पुण्याच्या माणसाला म्हणाले, "ते खोकं घेऊन जा तुम्ही. रिकामंच."