पाला ठरत नाही तिथे

साबणाच्या पाण्याची बादली.

सुट्टीचा दिवस. भट्टी गार, शेडमध्ये चिटपाखरू नाही, तरी कंप्रेसर मधूनमधून धडधडतोय.

नव्या कंप्रेसरची ऑर्डर. सही तेवढी राहिलेली.

कडुलिंबाखाली सूपभर जागा. पाल्याचं एक पान नाही.

आता हे एका जागी आणायचं तर यशोधरेपासून सुरुवात करावी लागेल.

सुप्याच्या या ओतकाम कारखान्यात वीजबचतीचं काम बघायला ती नव्यानेच लागली होती. हवेवर चालणारी हत्यारं दुपारनंतर दमायची, म्हणून प्लँटप्रमुख काकासाहेबांनी मोठा कंप्रेसर घ्यायचं ठरवलं. यशोधरेचं म्हणणं, आहे ते यंत्र पुरेसं आहे, हवा कुठेतरी गळतेय. नवं आणाल तर गळतीलाच जास्त वीज पाजाल. काकासाहेब हसून म्हणाले, सुट्टीत शोधून दाखवा, नाहीतर सुट्टी संपली की मी सही करतो.

तिने सगळ्या शेडचे व्हॉल्व्ह बंद केले. सांध्यासांध्याला साबणाचं पाणी लावलं. बुडबुडा कुठेच आला नाही. दाबाचा काटा मात्र निवांत उतरत राहिला. मग हवा जाते तरी कुठे? दुपारी काकासाहेब डोकावून गेले. आता मलाही साबण लावून बघा, म्हणाले.

चहा घेऊन ती मागच्या कडुलिंबाखाली टेकली. सगळीकडे पिवळा पाला, मधे तेवढी जागा लख्ख. झाडलोट करणाऱ्या भिमामावशींना ती सहज म्हणाली, इथे छान हात फिरलाय तुमचा.

"माझा कशाचा हात, ताई? तिथं मी खराटा लावतच न्हाई. पाला ठरत न्हाई तिथं."

"का?"

"खाली बोअर हाय, कोरडा पडलेला. घोरतो लई."

यशोधरेने कप ठेवला आणि पालथं पडून बोअरच्या झाकणाला कान लावला. आतून सुस्कारा येत होता, गार, अखंड. तिने माती उकरली. झाकणाच्या कडेने एक लोखंडी नळी कंप्रेसरच्या खोलीकडे गेली होती. दुष्काळात हवा सोडून बोअरचं पाणी वर काढायची ती नळी. पुढे पाण्याची लाइन आली, बोअर आटला, हवा चालूच राहिली.

कंप्रेसरच्या टाकीमागे, भंगाराआड, तिला त्या नळीचा व्हॉल्व्ह सापडला. काकासाहेबांना बोलावून तिने तो फिरवला. काटा उतरायचा थांबला. कंप्रेसर पुन्हा धडधडला नाही. काकासाहेबांनी ऑर्डरच्या कागदाची घडी करून खिशात घातली.

"गप झाला की बोअर," बाहेरून मावशी म्हणाल्या.

दुष्काळात तो बोअर काकासाहेबांनीच घेतला होता; पाणी लागलं त्या दिवशी त्यांनी साऱ्या कारखान्यात पेढे वाटले होते.