बियाण्याच्या तुकड्याने कांडी धरली

“वरून गहू बघून काय कळतंय तुला? मुळाशी काप, नखाने देठ चीर, आणि मग सांग त्याचं वय.”

माझे सासरे अबुंदियो मला असं म्हणाले, तेव्हा मी या घरात नवी होते. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली, पण ऑगस्ट सरत आला की शेतात वाकताना तो आवाज पाठीशी उभा असतो.

यंदा वाकणंच जड जातंय. गेल्या कापणीनंतर माझ्या नवऱ्याची, कासिमिरोची, उजवी बाजू गेली. त्याला कुशीवर वळवायचं, भरवायचं, पुसायचं. मग गाय, कोंबड्या आणि मग शेत. झोपून उठले तरी थकवा माझ्याआधी उठून बसलेला असतो.

सांता रोझा या संतिणीच्या सणाच्या आदल्या दिवशीची सकाळ होती. जपमाळ पूर्ण होईपर्यंत कुणाशी बोलायचं नाही हा माझा नेम. माळ ओढत गाय बांधून आले आणि वाटेत बियाण्याच्या तुकड्यात वाकले. हा तुकडा घराला लागूनच आहे. सासऱ्यांनी राखलेला जुना गहू तिथे होतो, आणि आता त्याचं बी आजूबाजूला कुणाकडे उरलेलं नाही. इथे ते गेलं की गेलंच.

गव्हाचं एक ताट मुळाशी कापलं, नखाने चिरलं. खालचा भाग पोकळ झाला होता, वर टणक गाठ, आणि गाठीच्या वर तांदळाच्या कणीएवढी ओंबी. दुसरं चिरलं, तिसरं चिरलं. तेच. गव्हाने कांडी धरली होती.

आमच्याकडे ऑगस्टअखेर हिवाळा सरतो आणि सणाच्या सुमाराला सांता रोझाचं वादळ येतं; तणाचं औषध मारायचं ते त्याआधी, हे सगळ्यांनी गाठीला बांधलंय. संत चुकत नाही, वादळ चुकत नाही, मग देठ कोण चिरतो? पण यंदा हिवाळा कोमट गेला, दहिवर पडलंच नाही म्हणा ना, आणि हा तुकडा पहिल्या पावसावर पेरलेला. फुटव्यांच्या दिवसांत ते औषध गव्हाला सोसतं. कांडी धरल्यावर पडलं तर ओंबी पानाच्या पोटरीतच पिळवटते, बाहेर आली तरी पोकळ.

मी उभी राहते तोच फाटकाशी ट्रॅक्टर आला. धाकटा दीर रुफिनो, मागे औषधाची टाकी भरलेली.

“वहिनी, फाटक उघडा! दक्षिणेकडे बघा, कसं भरून आलंय.”

मी मान हलवली आणि फाटकाला पाठ लावून उभी राहिले. माळेचे शेवटचे दहा मणी बाकी होते.

“अहो, वादळ काय तुमच्या माळेसाठी थांबणार आहे?”

आतून खिडकीतून कासिमिरो जडावलेल्या जिभेने ओरडला, “फवार, रुफिनो! दरवर्षी याच दिवशी फवारतो आपण!”

“ऐकलंत? घरधन्याचा हुकूम आहे.” रुफिनो उतरून जवळ आला. “बोला की! एक शब्द बोललात तर संत काय स्वर्गातून खाली पडणार आहे?”

मी चिरलेलं ताट त्याच्यापुढे धरलं. त्याने पाहिलंच नाही. घाई करावीशी वाटली, पण पळवलेली प्रार्थना म्हणजे न केलेलीच. एकेक ‘नमो मारिया’ नेहमीच्या चालीने म्हटली. शेवटी त्याने इंजिन बंद केलं, आणि प्रत्येक प्रार्थनेपाठी चिडून, मोठ्याने “आमेन!” म्हणू लागला.

क्रुसाची खूण करून मी म्हटलं, “आता बघ. नखाला गाठ लागतेय का?”

त्याने अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. “च्यायला.”

“माळ हातात आहे माझ्या.”

“चुकलो, वहिनी. मग मोठं शेत?”

“ते उशिरा पेरलंय. काल तिथलंही चिरलं, अजून नुसते फुटवे आहेत. तिकडे जा. वादळाआधी होईल तुझं.”

“आणि दादाला कोण सांगणार? मी नाही बुवा. तो एका हातानेही वहाण नेमकी मारतो.”

मीच आत गेले. कासिमिरोचा चेहरा रागाने लाल झाला होता. ताट त्याच्या डाव्या हातात दिलं. त्याचं नख देठावरून सरकलं आणि अडलं.

“बाबा असते तर मला बदडलं असतं,” तो पुटपुटला. “हात धड होते तेव्हाही मी कित्येक वर्षांत देठ चिरला नाही.”

मी त्याची उशी सारखी केली, त्याला माते, आमचा पाल्याचा कडू चहा, पाजला.

“पण रानमुळा माजलाय तिथे,” तो म्हणाला. “त्याचं बी आपल्या बियाण्यात मिसळलं तर सगळं फुकट. तू कबूल केलं होतंस पोलोनिया, तुकडा स्वच्छ ठेवीन म्हणून.”

“केलं होतं.”

“औषधाने म्हणालीस ना, तेव्हा?”

“कशाने ते नव्हतं ठरलं.”

तो हसल्यासारखा झाला, मग त्याने डोळे मिटले. दूर मोठ्या शेतात रुफिनोचा ट्रॅक्टर घुमू लागला. मी गुडघ्यांना फडकी बांधली, दारामागचं खुरपं घेतलं, त्याला हाक ऐकू येईल एवढी खिडकी उघडी ठेवली आणि तुकड्याच्या पहिल्या ओळीकडे निघाले.