रॅटलर, केस्ट्रल आणि डावा गुडघा

खोटं बोललात तुम्ही. तेही खुर्चीत मागे रेलून, पेनाचं टोपण दातांत धरून. डोरीन कुबियाकचा डावा गुडघा वयामुळे झिजला, कामामुळे नव्हे, असं तिच्या भरपाईच्या सुनावणीत त्या लांबलचक टेबलापलीकडून सांगितलंत आणि वर तिला निवृत्तीच्या शुभेच्छा दिल्यात. तुमचं नाव मी घेत नाही. घेऊन उपयोग नाही, तुम्हाला कशाचीच लाज नाही. पण तुम्ही कोण हे तुम्हाला ठाऊक आहे, आम्हालाही ठाऊक आहे, आणि कारखान्याच्या ऑफिसच्या दाराशी पहिली जागा तुमच्या गाडीची, हे तर अख्ख्या डाउनरिव्हर गावाला ठाऊक आहे.

तर त्या शुभेच्छांचं पुढे काय झालं ते ऐका.

डोरीनला गाडी घ्यायची होती. दूध-पाव आणायची नव्हे, रॅटलर. आपल्याच कारखान्यातली. नाकाडावर वेटोळं घातलेला साप, पुढे आठ सिलिंडरांचं धूड, आणि पायाशी तीन पेडल. त्यातलं डावीकडचं, क्लचचं, बाईनं उभी हयात बसवलं. दरवाजे नसलेला सांगाडा पट्ट्यावरून सरकत यायचा. डोरीन डावा गुडघा गाडीच्या उंबरठ्यावर टेकवायची, डोकं स्टिअरिंगच्या खाली खुपसायची आणि उजव्या पायानं सांगाड्याबरोबर लंगडी घालत बोल्ट आवळायची. मग पुढचा सांगाडा. मग त्याच्या पुढचा. तुमच्या नकाशात हे काम 'उभ्यानं करायचं' म्हणून काढलेलं आहे म्हणे. नकाशा काढणारा स्वतः बसून काढत असणार.

इतक्या रॅटलर हाताखालून गेल्या, पण एकही तिनं कधी चालवली नव्हती. पट्ट्याच्या टोकाशी दुसरेच लोक चाव्या फिरवून त्या बाहेर न्यायचे. नवरा पहिल्याच मंदीत टेक्सासला गेला आणि तिकडेच मुरला. त्याच्या जागी तिनं कुत्रा पाळला, आणि घर सुधारलं. मनात मात्र एकच होतं. रिटायर झाले की रॅटलर घेईन, आपण बसवलेलं पेडल आपल्या पायानं दाबीन, आणि नदीकाठच्या रस्त्यानं जाईन. हे ती कुणाला बोलली नव्हती, रॉस्को टिल्मन सोडून.

रॉस्को म्हणजे तिचा पट्ट्यावरचा जोडीदार. तो गाडीच्या पलीकडच्या बाजूनं डॅशबोर्डचा खण बसवायचा. सांगाड्याच्या आरपार दोघं बोलत, त्यामुळे इतक्या वर्षांत एकमेकांचे चेहरे त्यांनी बहुतेक उलटेच पाहिले. त्याचंच म्हणणं पडलं की पलीकडच्या, म्हणजे प्रतिस्पर्धी कंपनीची केस्ट्रलही बघून घे. डोरीन खवळली. पलीकडच्या कंपनीचं तिच्या घरात साधं कॅलेंडरसुद्धा कधी लागलं नव्हतं.

"शिव्या द्यायच्याच आहेत ना, मग बघून दे," रॉस्को म्हणाला. "मी एकच बघितली आणि लग्न करून मोकळा झालो. पुढचं तुला माहीतच आहे."

आधी रॅटलर. शोरूममधला कॉल्टन नावाचा विक्रेता केसांना तेवढंच पॉलिश लावून आला होता जेवढं गाडीला. घोड्यांची ताकद, शून्यापासून साठापर्यंतचे सेकंद, सगळं त्याला तोंडपाठ. डोरीनचं तिकडे लक्षच नव्हतं. तिनं दरवाजा उघडला, आणि सीटवर बसायचं सोडून सवयीनं डावा गुडघा उंबरठ्यावर टेकवून डोकं डॅशबोर्डखाली घातलं. पेडल होतं. बोल्ट जागेवर. हातानं दाबून पाहिलं, आणि मग उठता येईना.

कॉल्टन बिचारा बराच वेळ तिच्या पार्श्वभागाला टायरांची माहिती देत उभा होता. शेवटी रॉस्कोनं तिला काखेत हात घालून बाहेर ओढली. गिऱ्हाईक आधी खालून बघतं हे कॉल्टनला कुणी शिकवलं नव्हतं.

गाडी चालवून बघायला तिघं निघाली. मागे नावापुरती सीट असते, तिच्यात कॉल्टन घडी करून बसला. पहिली दोन वळणं अशी गेली की डोरीनच्या चेहऱ्याकडे बघत राहावं. इंजिनाचा घरघराट पोटात घुमत होता, आणि हातात गिअरचा गोळा होता. मग रेल्वेवरचा पूल आला. चढावर लाल दिवा. पायाखाली क्लच, आणि त्या क्लचला रॅटलरच्या सगळ्या घोड्यांचं वजन. दिवा हिरवा होईस्तोवर गुडघा लटलट कापायला लागला. तिनं पाय सोडला तो नीट सुटलाच नाही, नुसता निसटला. गाडी उचकी देऊन मेली. पुन्हा चालू केली, पुन्हा मेली. मागे रांग लागली, आणि नेमकी कारखान्याची शिफ्ट सुटलेली. पेंट शॉपमधल्या एकानं हॉर्नवर मूठ ठेवली, मग तिला ओळखलं आणि खिडकीतून मान बाहेर काढली.

"काय गं डोरीन, नुसतं बसवता येतं होय? दाबता नाही येत?"

आमच्यात थट्टा अशीच असते, हात राखून कुणी करत नाही. एरवी डोरीननं त्याच्या सात पिढ्या धुतल्या असत्या. त्या दिवशी ती उतरली, गाडीला वळसा घालून पलीकडे जाऊन बसली आणि रॉस्कोनं गाडी परत नेली. कॉल्टन मागून म्हणाला की ही ऑटोमॅटिकमध्येही मिळते. डोरीननं त्याच्याकडे असं पाहिलं की तो उरलेल्या वाटेत टायरांबद्दलसुद्धा बोलला नाही.

आता केस्ट्रल. इथे आमच्याबद्दलही थोडं खरं सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल की हा माणूस फक्त वरच्यांवर भुंकतो. आमच्या कारखान्यात आणि शेजारच्या युनियनच्या हॉलवर एक नियम आहे. पलीकडच्या कंपनीची गाडी असेल तर ती मागच्या मैदानात, रुळांच्या पलीकडे, कचऱ्याच्या डब्यांशेजारी लावायची आणि तिथून चालत यायचं. रॉस्कोच्या सुनेची गाडी पलीकडची. आठवा महिना लागला होता तिला, तरी आम्ही तिला तिकडूनच चालवत आणली, आणि वर हसलो. तेव्हा नियमावर आमचीही बोटं उमटलेली आहेत.

पलीकडच्या शोरूममध्ये केंड्रा म्हणून एक बाई होती. तिनं दोघांची जाकिटं पाहिली, पाठीवरची युनियनची मोठाली अक्षरं पाहिली आणि विचारलं, हेरगिरीला आलात का. रॉस्को म्हणाला, हो, पण कॉफी दिलीत तर अर्धंच सांगू. तिनं कॉफी दिली, वर चावीही दिली, कारण केस्ट्रलमध्ये दोनच सीटा आणि तिला या दोघांच्या मध्ये बसायची हौस नव्हती.

केस्ट्रल बुटकी. इंजिन पाठीमागे, आपण पुढे जमिनीला टेकलेले, आणि पेडल दोनच. पहिल्याच सिग्नलला डोरीनचा डावा पाय जुन्या सवयीनं क्लचवर आदळला. क्लच नव्हताच. होता तो ब्रेक, चांगला रुंद, आणि तिनं तो क्लचसारखा तळापर्यंत दाबला. गाडी जागच्या जागी थिजली. रॉस्कोची कॉफी त्याच्या जाकिटावर, छातीवरच्या 'एकजूट' या शब्दावर. गुडघ्यातून अशी कळ गेली की डोरीनच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मग ती हसायला लागली. हसता हसता थांबेना. रिटायर झाली होती ती. डावा पाय अजून शिफ्टवर होता.

मग तिनं तो पाय मुडपून मागे घेतला आणि नुसत्या उजव्यानं गाडी हायवेवर घातली. केस्ट्रल सुसाट निघाली. गिअर आपोआप पडत होते, मागचं इंजिन मानेशी गुरगुरत होतं, आणि डावा गुडघा कित्येक महिन्यांत पहिल्यांदा गप्प होता. रॉस्कोनं दरवाज्याची मूठ घट्ट धरली होती.

"कशी आहे?" त्यानं विचारलं.

"वाईट."

"म्हणजे?"

"म्हणजे फार चांगली आहे, रॉस्को. आणि मला ती नको आहे. मला माझी पाहिजे."

पुढचे दिवस तिनं कुत्र्याला फिरवत तुलना केली. तुलना कसली, रॅटलर प्रत्येक बाबतीत तिची होती. आवाज तिचा, वास तिचा, पेडल तर तिच्या हातचं. केस्ट्रलचं एकच होतं, ती चालवता येत होती. जे पेडल दाबायची तिची इच्छा होती, त्याच पेडलानं दाबायचा गुडघा खाल्ला होता. रॉस्को म्हणाला, ऑटोमॅटिक रॅटलर घे, लोकांची तोंडं बंद होतील. ती म्हणाली, तीन पेडलांची बाई मी, त्या गाडीत एक काढून घेतलेलं बघत रोज बसू का? त्यापेक्षा जिच्यात कधी नव्हतंच, ती बरी.

आणि तिनं केस्ट्रल घेतली. पिवळी.

ईस्टरआधीचे चाळीस दिवसांचे उपास चालू होते, मांस बंद. शुक्रवारी युनियनच्या हॉलवर तळलेला मासा आणि कोबीचं सॅलड असतं, अख्खं गाव येतं. डोरीन पिवळ्या केस्ट्रलमधून आली. दाराशी उभ्या असलेल्यांनी नुसती बोटं दाखवली, मागे, रुळांकडे. नियम सगळ्यांना सारखा. तिनं गाडी कचऱ्याच्या डब्यांशी लावली आणि वितळलेल्या बर्फाच्या चिखलातून, रूळ ओलांडत, एक पाय ओढत परत आली. हॉलमध्ये सगळे माशात तोंड घालून बसले होते. ज्यांच्या गाड्यांत तिनं पेडलं बसवली, ते. ज्यांच्याबरोबर संपावर बसली, ते. एकानंही वर पाहिलं नाही. मीही पाहिलं नाही, कारण पाहिलं असतं तर उठून तिला खुर्ची द्यावी लागली असती.

रॉस्कोनं दिली. बसता बसता डोरीन त्याला म्हणाली की तिकडून इथवर येताना दोनदा थांबावं लागलं, आणि दुसऱ्यांदा थांबले तेव्हा एक गोष्ट सुचली. काय ते तिनं सांगितलं नाही. मासा मात्र पुन्हा मागून घेतला.

सोमवारी सकाळी ती कारखान्यावर गेली. फाटकाशी रखवालीला डेल असतो. निवृत्तांना आत सोडायची त्याला मुभा आहे. गाडी कुठली हे नीट दिसेस्तोवर ती आत घुसली होती. सरळ ऑफिसच्या दाराशी, पहिल्या जागेत, म्हणजे तुमच्या जागेत, तिनं पिवळी केस्ट्रल उभी केली. तुम्ही उशिरा येता हेही सगळ्यांना ठाऊक आहे.

डेल धापा टाकत आला. हळू आवाजात, ऑफिसच्या खिडक्यांकडे बघत त्यानं सांगितलं की पलीकडची गाडी आहे, मागे लावावी लागेल, माझी नोकरी जाईल बाई. डोरीननं काच खाली केली.

"डेल, तुला त्रास द्यायला आले नाही. मागून इथवर चालायला गुडघा लागतो, आणि माझा इथेच राहिलाय. वर जाऊन सांग त्यांना. गुडघा कामानं गेला असं म्हणत असतील तर तसं माझ्या तोंडावर म्हणावं, मी आत्ता गाडी हलवते. आणि वयानं गेला म्हणत असतील, तर मग या म्हातारीला दाराशीच जागा द्यावी. दोन्ही एकदम नाही चालायचं."

डेल तिथेच उभा राहिला. आतले लोक खिडक्यांशी जमले. शिफ्टवर जाणारे थबकले, त्यांत पुलावर हॉर्न वाजवणारा तो पेंट शॉपवालाही होता. त्यानं खांद्यावरची पिशवी खाली ठेवली आणि केस्ट्रलच्या शेजारी येऊन उभा राहिला. मग आणखी दोघं आले. मग मी.

तेवढ्यात तुम्ही आलात. जागा भरलेली पाहिलीत, हॉर्न दिलात, आणि कुणीच हललं नाही तेव्हा गाडी घेऊन मागे गेलात. रुळांपलीकडून, चिखलातून, त्या पातळ तळाच्या बुटांत चालत आलात. दोन्ही गुडघे शाबूत असूनही पँट पोटरीपर्यंत बरबटली होती तुमची. मागच्या दारानं आत गेलात आणि वरच्या मजल्यावरचा पडदा ओढून घेतलात.

डोरीन अजून गाडीत आहे. रॉस्को तिच्यासाठी कॉफी आणायला गेलाय. पडद्यामागे तुम्ही उभे आहात हे खालून दिसतंय, तुमची सावली काही बारीक नाही. लांबलचक प्रश्न नाहीये. एका शब्दात सांगता येईल, आणि तिथूनच, खिडकी उघडून सांगितलंत तरी आम्हाला ऐकू येईल. तिचा गुडघा कशानं गेला? वयानं की तुमच्या कामानं? बोला.