नळीतला हात

मंठ्याच्या बाजारात त्या दुपारी घासाघीस करायला कुणी उरलं नव्हतं. सारी गर्दी नळीवाल्या बुवाभोवती. बुवानं तांब्याची हातभर, जाड नळी उभी धरली होती. एका बाईनं वरून काळा खडा सोडला. तो खट्कन खाली पडला.

"ही मोकळी!" बुवा गरजला. "पण जिच्यामागं मेलेलं माणूस हाय, तिचा खडा ते माणूस आतून धरतं! आता तू ये, सूनबाई."

बुवानं हातात दिलेला खडा गोजरबाईनं सोडला. तो पडेचना. अखेर कुणी मुठीतून हळूच सोडावा तसा तो खाली उतरला.

"मथे!" सासूनं, साळूबाईनं, टाहो फोडला. तिची लेक मथी पावसाळ्यात पटकीनं गेली होती. गेली ती या भावजयीच्याच मांडीवर.

"हिनंच खाल्लं पोरीला. हिला आजच घराबाहेर काढा!" बुवानं हुकूम सोडला.

साळूबाईचा धाकटा मुलगा रखमाजी तिच्याशेजारीच उभा होता. तो औरंगाबादला बी.एस्सी. करत होता. तरी त्या नळीत त्यालाही बहिणीची बारकी बोटं दिसली. मग त्याची नजर नळीच्या तांब्यावर गेली. खडा चुंबक तर नसेल? चुंबक तांब्याला चिकटत नाही. पण तांब्याच्या नळीतून पडू लागला की त्या धातूत वीज फिरते, आणि ती वीजच त्याची पडण्याची गती रोखते. हा नियम त्यानं पाठ करून परीक्षेत लिहिला होता. पाहत मात्र आज होता.

बुवाच्या आधी वाकून त्यानं खडा उचलला. "आता मी सोडतो."

खडा रेंगाळला.

"एकाच घरची माणसं! छाया दोघांवर!" बुवा ओरडला.

"बराबर. मंग हुकमचंदशेठ, तुम्ही सोडा."

कापसाच्या व्यापाऱ्याचाही खडा रेंगाळला. "अरे, माझ्यामागं कोन लागलं?" शेठ घाबरला.

रखमाजीनं बुरुडाकडून बांबूची नळी घेतली. तोच खडा तिच्यातून खट्कन पडला. मग पोती शिवणाऱ्याचं दाभण जवळ नेलं; ते खड्याला चिकटलं. "हा लोहचुंबक हाय. तांब्यातून तो कुणाच्याबी हातचा हळूच पडतो."

बुवा सटकू लागला. शेठनं त्याची बाही धरली. आतून तसाच दुसरा खडा पडला. त्याला दाभण चिकटेना.

"जिला मोकळी करायची तिला हा, जिला बांधायची तिला तो," रखमाजी म्हणाला. "नवल दिसलं तर बघा, पण हात बदलून बघा, नळी बदलून बघा. न पारखता कुणाच्या सुनेला घराबाहेर काढू नका."

बुवा बाही सोडवून पळाला, गर्दी त्याच्यामागं धावली. साळूबाई तिथंच बसून होती.

"मंग माझी मथी तिथं नव्हती?"

"नव्हती, माय."

"पण मला वाटलं की रे, तिनंच धरलाय."

"मलाबी वाटलं," तो म्हणाला. "ती आपल्याला पायजे व्हती ना. बुवानं तेच हेरलं."

साळूबाई बराच वेळ रडली. मग तिनं गोजरबाईला जवळ ओढलं आणि विचारलं, "शेवटाला पोर काय म्हनली गं? मी तुला कधी विचारलंच न्हाई."