बेचाळीस सेंटिमीटर

मंगळवारी दुपारी तीन वाजून चाळीस मिनिटांनी शांताबाई वानखेडे यांची बोअर शेजाऱ्याच्या शेतात गेली. सकाळी सात वाजता ती त्यांच्याच शेतात होती. दोन्ही मोजण्या यामिनी देशकर या सर्वेक्षकाने एकाच उपग्रह-यंत्रावर केल्या. हद्दीत फरक आला बेचाळीस सेंटिमीटरचा.

रेल्वेतून निवृत्त झालेला नवरा वारल्यापासून शांताबाई अभनपूरच्या या दीड एकरात टोमॅटो काढतात. दुसरं पाणी नाही. सीमांकनाचा अर्ज शेजारी गंगाधर साहू यांचा होता. सकाळी ते गैरहजर होते, म्हणून पटवाऱ्याने, म्हणजे तिथल्या तलाठ्याने, त्यांच्यासमोर पुन्हा मोजायला लावलं.

"सकाळी माही अन् दुपारी त्याची?" शांताबाई म्हणाल्या. "काहून, बोअर शिफ्टमध्ये कामाले जाते का?"

यामिनीने बांधावर बसून समजावलं. विषुववृत्ताजवळ वातावरणाच्या वरच्या थरातला विद्युतभारित वायू दिवसा आणखी वर उचलला जातो आणि पृथ्वीच्या चुंबकरेषांवरून उत्तर-दक्षिणेला उतरतो. दुपारी तो आपल्याकडच्या आकाशात दाटतो, मार्चमध्ये जास्तच. उपग्रहाचे संकेत त्यातून उशिरा पोचतात. ही चूक पकडणारं दुसरं यंत्र तीस किलोमीटरवर, भनपुरीच्या एका गच्चीवर होतं. तिथलं आकाश वेगळं, इथलं वेगळं.

"बोअर तिथंच आहे काकू. गडबड वर आहे."

"मग वरच्याले नोटीस द्या."

गंगाधर शांतपणे म्हणाले, "दीदी, मेरे सामने तो दोपहर वाली नाप हुई है. मैं वही मानूँगा."

सकाळची मोजणी जास्त भरवशाची, असं यामिनीचं मत. पण शपथेवर सांगायला ती तयार नव्हती. दुसरं यंत्र शेताजवळच्या, नोंदीत जागा पक्की असलेल्या जुन्या हद्दीच्या दगडावर ठेवलं तर वाद मिटेल, असं तिने लिहून दिलं.

बुधवारी तहसीलमध्ये दोन अर्ज आले. फेरमोजणी सकाळी सातला व्हावी, असा शांताबाईंचा. दुपारी साडेतीनला व्हावी, असा गंगाधर यांचा. पंचनाम्याच्या नमुन्यात तारखेला जागा आहे, वेळेला नाही. निकाल लागेपर्यंत पंप बंद ठेवण्याचा आदेश निघाला.

रस्ता रुंद करताना तो दगड उपटला गेला असावा, असं गावात सांगतात. पटवाऱ्याने शुक्रवारी दोन जागी खोदलं. एका जागी सिमेंटचा फुटका पाइप निघाला. तिसरी जागा शांताबाईंनी दाखवली आहे. तिच्यावर गंगाधर यांची हरकत आहे.