तीन बोटं

कोतवाल नागनाथनं पारावर दवंडी दिली, "उद्या शाळेत शिबीर हाय! समद्या बाप्यांनी तपासणीला यावं!" तिथंच घात झाला. त्यानं 'तोंडाची तपासणी' म्हणायला पाहिजे होतं. आणीबाणीत बाजाराला निघालेले सहाजण एसटीतून उतरवून नसबंदीला नेले, तेही शिबीरच होतं. अजून तो शब्द ऐकला की आमच्या गावचे पुरुष रानात पळतात.

सकाळी बघते तर आमचे मालक, आश्रुबा, गायब.

मी एकटीच शाळेत गेले. डॉक्टर बॅटरी घेऊन रिकाम्या बाकांपुढं बसलेले. मी सांगितलं, मालकांच्या गालात आतून पांढरा चट्टा आहे, तंबाखू-सुपारी तिथंच धरतात. चार महिने झाले, तिखट चालत नाही, भाकरी दुधात कुस्करून मागतात. मी मेली खूश होते, उतारवयात माणूस लाडात आला म्हणून!

डॉक्टर म्हणाले, "तीन बोटं एकावर एक धरून तोंडात जातात का बघा. जात नसतील तर तोंड आतून आखडत चाललंय, आजच आणा. चारला जीप निघते."

मी तडक रानात गेले. किशनरावांच्या तुरीच्या शेतात गावचे समदे पुरुष उकिडवे बसून तंबाखू मळत होते.

"आली का तूबी सरकारच्या बाजूनं?" मालक म्हणाले.

"तोंड तपासायलेत, तोंड!"

"बन्सीधरला बी एसटीतून उतरवून डोळे तपासायचे म्हनूनच नेलं होतं, वैनी," माणिकराव म्हणाले. सगळे हसले. बन्सीधर हसला नाही.

माझं डोकंच फिरलं. "ज्यांनी फसवलं त्यांच्यापुढं गप बसलात, अन् आता तुरीत लपून मर्दानगी सांभाळायलात? घाला तोंडात तीन बोटं, एकावर एक! समद्यांनी!"

बाई बिथरली, असं म्हणत त्यांनी गंमत म्हणून घातली. माणिकरावांची गेली. बन्सीधरची गेली. मालकांचं एकच बोट गेलं, दुसरं दाताला अडलं. त्यांनी हात बदलून पाहिला. पुन्हा पाहिला.

हसणं थांबलं.

बन्सीधर उठला. "चल आश्रुबा. मी येतो संगं."

डॉक्टरांनी बॅटरी आत धरली आणि गाल आतून बोटानं चाचपला. मग म्हणाले, "चार महिने काय करत होता? मोठ्या दवाखान्यात न्यायला लागेल. आत्ताच बसा जीपमध्ये."

"दवाखाना, शिबीर म्हटलं की लपून बसतात," मीच बोलले. "कुनाला भिऊन, ते तुमच्या सायबांना इचारा."

जीप हलली. मागं वळून पाहिलं तर तुरीतून पुरुष पळत येत होते, तोंडात बोटं घालूनच. त्यांच्यापुढं नागनाथ डफडं बडवत ओरडत होता, "तोंडाचं हाय! फकस्त तोंडाचं!"

ड्रायव्हर म्हणाला, "चार वाजले, आता टाइम संपला."

मालकांनी माझा हात घट्ट धरला होता. मी तो झटकला नाही. पण तालुक्याचं जिंतूर येईपर्यंत त्यांच्याशी एक शब्द बोलले नाही.