फ्रिजवरचं चुकीचं कार्ड

सासूबाईंचा हात थांबतो, हे मला पहिल्यांदा मंगळवारी जेवताना दिसलं.

आम्ही नवराबायको सात महिने जर्मन शिकत होतो. नवऱ्याला तिकडच्या एका कारखान्यात यंत्रं बसवण्याचं काम मिळणार होतं. अट एकच, दोघांनी भाषेच्या परीक्षेत पास व्हायचं. सासूबाईंना सोबत न्यायची परवानगी नव्हती. त्यांच्यासाठी आम्ही एक वृद्धनिवास ठरवत होतो, आणि त्यांना ते सांगायला 'परीक्षा झाली की' असा मुहूर्त काढला होता. तोवर त्याबद्दल जे बोलायचं ते जर्मनमधून, त्यांच्यासमोर, जेवता जेवता. सराव होत होता आणि गुपितही राहत होतं.

त्या भाषेत 'मला वाटतं की' म्हटलं की पुढचं क्रियापद वाक्याच्या शेवटी जातं, आपल्यासारखंच. मंगळवारी नवरा म्हणाला, "मला वाटतं की आई तिथे एकटी..." आणि अडला. क्रियापद सुचेना. सासूबाईंचा घास ताट आणि तोंड यांच्या मध्ये थांबला. "राहील," त्याला सापडलं. घास तोंडात गेला.

मी पाण्याचे नमुने तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. एका नमुन्यावरून निष्कर्ष काढत नाही. बुधवारी मोजलं: त्यांच्याबद्दलची पाच लांब वाक्यं, चार वेळा हात थांबला. गुरुवारी मी मुद्दाम हवामानाबद्दल पाच वाक्यं बोलले. एकदाही नाही.

भांडी पुसताना नवऱ्याला सांगितलं.

"आईला? जर्मन?" तो हसला. "अगं, तिला नव्या फोनवर साधा आवाज कमी करता येत नाही."

"येत नाही की करत नाहीत?"

"चोराच्या मनात चांदणं. आता तुला भिंतींनाही कान दिसतील."

"भिंतींचं सोड. रोज सकाळी दाढी करताना तू धडे मोठ्याने लावतोस. त्या वेळी बाथरूमच्या दाराशी पेपर घेऊन कोण बसतं?"

तो हसायचा थांबला.

सासूबाईंनी एकतीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली. छापायला जाणाऱ्या प्रत्येक पानावरची शेवटची नजर त्यांची. कुणाची निमंत्रणपत्रिका आली की अजूनही आधी ऱ्हस्व-दीर्घ पाहतात, मग तारीख. एकदा दवाखान्याच्या दारावरची सूचना त्यांनी पेन्सिलीने सुधारली. डॉक्टर ती गोष्ट अजून पेशंटना सांगतात. चूक दिसल्यावर गप्प बसणं त्यांच्या तोंडाला जमतं, हाताला नाही.

फ्रिजवर आमची पिवळी कार्डं लावलेली होती. एकेका क्रियापदाबरोबर त्याचा ठरलेला छोटा शब्द. तिथे तर्क चालत नाही, पाठच करावं लागतं. वाट पाहणे: वार्टेन, आणि त्याबरोबर आउफ. शुक्रवारी सकाळी मी ते कार्ड काढलं आणि त्या जागी दुसरं लावलं: वार्टेन, फ्यूर. पेन्सिल शेजारी दोरीने बांधलेली होतीच.

शनिवारी कार्ड जसंच्या तसं. रविवारीही. मला हलकं वाटायला हवं होतं. पण सोमवारी सकाळी पाहिलं, तर पेन्सिलीला नवं, बारीक टोक काढलेलं होतं.

"तू काढलंस?" मी नवऱ्याला विचारलं.

"मी कशाला काढू?"

त्याच संध्याकाळी ताटावर बसल्यावर त्याने जर्मनमधून सांगितलं की वृद्धनिवासातून निरोप आलाय, बुधवारपर्यंत हो म्हटलं नाही तर खोली दुसऱ्यांना देतील. मी सासूबाईंच्या हाताकडे पाहत होते. घास थांबला. मग तो ताटात परत गेला.

त्या उठल्या, हात धुऊन पुसला, फ्रिजपाशी गेल्या. 'फ्यूर'वर एक सरळ रेघ मारली, समासात 'आउफ' लिहिलं. अक्षर माझ्यापेक्षा सुबक.

"चार दिवस डोळ्यांत खुपतंय," त्या म्हणाल्या. "सूनबाई, सापळा लावायचा तर इतका ढोबळ लावू नये. असली चूक तू करत नाहीस. हा करतो."

"आई, तुला हे सगळं कधीपासून..." नवऱ्याचं वाक्य याही भाषेत अडलं.

"दर तिसरं वाक्य आपल्याबद्दल असेल ना, तर कुठलीही भाषा येते रे."

"आम्ही सांगणारच होतो."

"हो तर. परीक्षा झाली की." त्या पुन्हा ताटावर येऊन बसल्या. रागावलेल्या दिसत नव्हत्या, आणि त्याचीच मला जास्त धास्ती वाटली. "एक सांगा. त्या खोलीला खिडकी आहे का? जेवणाच्या वेळा ऐकल्या, डॉक्टर किती लांब ते ऐकलं. खिडकीचं काही ऐकलं नाही. म्हटलं, मला शब्द कळत नसेल."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. शब्द पहिल्याच धड्यात होता. दोघांनाही येत होता.

"आम्ही विचारलंच नाही, आई," मी म्हणाले.

"मग उद्या मला तिथे घेऊन चला. बघते मी. बुधवारचं उत्तर मीच देईन, हो असो की नाही."

नवऱ्याने मान हलवली. सासूबाई शांतपणे जेवल्या, पानात काही टाकलं नाही. ओटा आवरताना मी फ्रिजकडे पाहिलं. दोरी नुसतीच लोंबत होती. पेन्सिल त्यांनी स्वतःकडे ठेवून घेतली होती.